गणित माणसाचं आणि गणित संगणकाचं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परळला आठवी ते दहावीच्या मुलांना मी गणित शिकवते. हल्ली पालकसभेत अर्धे प्रश्न अभ्यासक्रमाबद्दल नसतात, मोबाईलबद्दल असतात. फोटो काढला की उत्तर येतं, पायऱ्यांसकट येतं. मग पोरांनी वही कशाला काळी करायची? मुलंही तेच विचारतात, फक्त जरा लाजत. तीच तीच उत्तरं तोंडी देण्यापेक्षा एकदा नीट लिहून काढली आहेत. ज्याला जो प्रश्न पडला असेल त्याने तिथून वाचावं.

कॅल्क्युलेटर असताना पाढे कशाला पाठ करायचे?

वेगासाठी तर नक्कीच नाही. माझे आजोबा पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकीसुद्धा घडाघडा म्हणायचे. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. दुकानदारीला तो लागायचा, आता लागत नाही, आणि तो परत आणा असं मी म्हणणार नाही. पण वर्गसमीकरणात मधलं पद १५ आणि शेवटचं ५६ दिसलं की ज्याला 'सात आठे छप्पन्न' आपोआप आठवत नाही, त्याचे अवयव पाडताना हाल होतात. त्याचं सगळं लक्ष गुणाकारात जातं आणि समीकरणाकडे बघायला काही उरत नाही. वीसपर्यंतचे पाढे पुरे.

माणूस गणित सोडवतो आणि संगणक सोडवतो, यात नेमका फरक काय?

याचं उत्तर मी नेहमी द. रा. कापरेकरांच्या ६१७४ ने देते. कापरेकर डहाणूला जन्मले, देवळालीच्या शाळेत शिक्षक होते, आणि सगळं आयुष्य कागद-पेन्सिलीने आकड्यांशी खेळले. १९४९ साली त्यांना सापडलेली गोष्ट अशी. चार अंकी कुठलीही संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने मांडा, मग चढत्या क्रमाने मांडा, मोठीतून लहान वजा करा. आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच करा. शून्य आलं तर ते सोडायचं नाही, चार अंक कायम ठेवायचे.

२०१९ घेऊ.
९२१० − ०१२९ = ९०८१
९८१० − ०१८९ = ९६२१
९६२१ − १२६९ = ८३५२
८५३२ − २३५८ = ६१७४
आणि ७६४१ − १४६७ = ६१७४. गाडी थांबली.

कुठूनही सुरुवात करा, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येतंच. आता हे सगळ्या संख्यांसाठी खरं आहे हे कसं दाखवायचं? संगणकाला सांगितलं तर तो ०००० पासून ९९९९ पर्यंत निघतो, सारख्या अंकांच्या दहा संख्या सोडतो आणि उरलेल्या ९,९९० एकेक करून तपासतो. डोळ्याचं पातं लवायच्या आत काम संपतं. यात फसवाफसवी काही नाही. सगळ्या तपासल्या म्हणजे सिद्ध झालं.

माणसाला ९,९९० वजाबाक्या करायचा कंटाळा येतो. या कंटाळ्याला मी फार मान देते, कारण तो आला की माणूस थांबून बघायला लागतो. उतरत्या क्रमाने लावलेले अंक अ, ब, क, ड म्हणू. मोठी संख्या वजा लहान संख्या केली की दोन्हीकडचे हजार, शतक, दशक, एकक एकत्र करून फरक येतो ९९९ × (अ − ड) + ९० × (ब − क). म्हणजे अंक कोणते आहेत याला महत्त्वच नाही. बाहेरच्या दोन अंकांतला फरक आणि आतल्या दोन अंकांतला फरक, एवढ्या दोनच गोष्टींवर उत्तर ठरतं. बाहेरचा फरक १ ते ९, आतला फरक ० पासून फार तर बाहेरच्या फरकाइतका. मोजा: २ + ३ + ४ असं करत १० पर्यंत, बेरीज ५४. म्हणजे पहिल्या वजाबाकीनंतर ९,९९० संख्यांच्या फक्त ५४ उरतात, आणि ५४ वजाबाक्या एका फुलस्केप कागदावर मावतात.

गेल्या वर्षी नववीतल्या एका मुलीने हे फळ्यावर माझ्याआधी पकडलं. ती म्हणाली, "बाई, ३५२४ आणि ४६३५ चं उत्तर सेमच येतंय, ३०८७." दोन्हीत बाहेरचा फरक ३, आतला १. तिला सूत्र येत नव्हतं. दोन उत्तरं जुळली हे फक्त तिच्या डोळ्यांना खटकलं होतं. संगणकालाही ही दोन उत्तरं मिळाली होती, पण त्याला ती जुळल्याचं काही वाटलं नाही, कारण तसं बघायला त्याला कोणी सांगितलं नव्हतं. संगणक प्रश्न होता तेवढाच ठेवून संपवतो आणि माणूस आधी तो लहान करतो. खाली पुष्कळ अपवाद येतील, पण मला दिसणारा मुख्य फरक हा आहे.

शकुंतलादेवींनी तर संगणकाला हरवलं होतं ना?

१८ जून १९८० रोजी लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमध्ये त्यांना १३ अंकी दोन संख्या दिल्या होत्या. गुणाकार त्यांनी तोंडी, २८ सेकंदांत आणि बिनचूक सांगितला. हे अद्भुत होतं आणि राहील. पण आकडेमोडीच्या वेगाची ती शर्यत आता संपली आहे. मुलांना पळवायचं असेल तर या मैदानात पळवू नका.

संगणक गुणाकार इतक्या झटपट करतो तो फक्त यंत्र वेगवान आहे म्हणून का?

फक्त तेवढ्याने नाही. त्याच्या आत माणसांच्या युक्त्या भरलेल्या आहेत. ४७ × ८६ शाळेच्या रीतीने करायला चार छोटे गुणाकार लागतात: ४×८, ४×६, ७×८, ७×६. चारपेक्षा कमीत होईल असं कुणाला वाटलं नव्हतं. १९६० साली मॉस्कोत कोल्मोगोरोव्ह या मोठ्या गणितज्ञाने आपल्या व्याख्यानात तसा अंदाजच मांडला की शाळेच्या रीतीहून मुळात वेगळी, जलद रीत असणार नाही. समोर बसलेल्या २३ वर्षांच्या कारात्सुबाने आठवड्याभरात तो खोटा पाडला. कसा, बघा:

४ × ८ = ३२. ७ × ६ = ४२. आता (४ + ७) × (८ + ६) = ११ × १४ = १५४. यातून ३२ आणि ४२ वजा केले की ८० उरले. मग ३२०० + ८०० + ४२ = ४०४२.

तीन गुणाकारांत काम झालं. दोन अंकी संख्येत यातून काही हाती लागत नाही, उलट बेरजा-वजाबाक्या वाढतात. पण हजारो अंकांच्या संख्यांवर हीच युक्ती आतल्या आत पुन्हा पुन्हा लावली की वाचलेला एकेक गुणाकार साठत जातो. प्रचंड संख्यांचा गुणाकार करणारे प्रोग्रॅम आजही ही रीत वापरतात.

संगणकाने कोट्यवधी वेळा तपासून पाहिलं, तर ते खरंच मानायचं ना?

नाही, आणि यावर मी मुलांशी अगदी हटून भांडते. एखादी संख्या घ्या, तिचा वर्ग करा, त्यात तीच संख्या मिळवा, वर ४१ मिळवा. ० घेतला तर ४१, १ घेतला तर ४३, २ ला ४७, ३ ला ५३. सगळ्या मूळ संख्या. ३९ पर्यंत चाळीसही वेळा मूळ संख्याच येते. ४० घातले की १६८१, आणि तो तर ४१ चा वर्ग.

चाळीस उदाहरणं थोडी वाटत असतील तर पोल्या या गणितज्ञाचा अंदाज घ्या. १९१९ साली त्याने सुचवलं की १ पासून पुढच्या कुठल्याही संख्येपर्यंत मोजलं, तर ज्यांच्या मूळ अवयवांची संख्या विषम आहे अशा संख्या निम्म्याहून कमी कधीच नसतात (अवयव जितक्या वेळा येईल तितक्या वेळा मोजायचा). तपासत जा, बरोबरच येत जातं. १९५८ मध्ये हा अंदाज खोटा असल्याचं सिद्ध झालं. तो पहिल्यांदा मोडतो ९०,६१,५०,२५७ या संख्येला. त्याआधी थांबणाऱ्या कुणालाही हा अंदाज पक्का खरा वाटला असता.

म्हणूनच दोनपेक्षा मोठी प्रत्येक सम संख्या दोन मूळ संख्यांची बेरीज असते, हा गोल्डबाखचा अंदाज संगणकाने ४ वर १८ शून्यं एवढ्या संख्येपर्यंत तपासूनही गणितात 'सिद्ध' म्हणून लिहिला जात नाही. ६१७४ ची गोष्ट वेगळी होती, तिथे तपासायच्या संख्या मुळात मोजक्याच होत्या.

संगणकाने मोठ्या गणितज्ञांना चूक ठरवलंय असं कधी झालंय का?

झालंय. ऑयलरने अठराव्या शतकात म्हटलं होतं की एखाद्या संख्येचा पाचवा घात बेरजेने बनवायचा तर कमीत कमी पाच संख्यांच्या पाचव्या घातांची बेरीज करावी लागेल, चारांत भागणार नाही. १९६६ साली लँडर आणि पार्किन यांनी संगणकाला शोधायला लावलं आणि हे सापडलं: २७, ८४, ११० आणि १३३ यांच्या पाचव्या घातांची बेरीज म्हणजे १४४ चा पाचवा घात. दोन्ही बाजू ६१,९१,७३,६४,२२४. त्यांचा शोधनिबंध फक्त दोन वाक्यांचा होता. ताळा जुळला की बोलायला उरतंच काय?

याच्या शेजारी मला कोलची गोष्ट ठेवावीशी वाटते. १९०३ साली अमेरिकेतल्या एका सभेत फ्रँक कोल फळ्यापाशी गेला, २ चा ६७ वा घात काढून त्यातून १ वजा केला, मग बाजूला १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७ यांचा गुणाकार केला. दोन्ही उत्तरं सारखी. तोंडातून एक शब्द न काढता तो जागेवर जाऊन बसला. हे अवयव शोधायला त्याला तीन वर्षांचे रविवार लागले होते. आज लॅपटॉप हे सेकंदाच्या आत काढतो. कोलचे रविवार वाया गेले असं मला मात्र कधीच वाटत नाही.

संगणकाने स्वतः एखादं प्रमेय सिद्ध केलंय?

सगळ्यात गाजलेलं उदाहरण चार रंगांच्या प्रमेयाचं. महाराष्ट्राच्या ३६ जिल्ह्यांचा नकाशा घ्या आणि सीमेला सीमा लागलेल्या दोन जिल्ह्यांना एकच रंग येणार नाही असा रंगवा. चार रंग पुरतात. कुठल्याही सपाट नकाशाला चार पुरतात, असं १८५२ मध्ये इंग्लंडचे परगणे रंगवताना फ्रान्सिस गथ्रीला वाटलं. १८७९ साली केम्पेने सिद्धता दिली. ती ११ वर्षं सर्वांनी मान्य केली आणि १८९० मध्ये हीवूडने तिच्यातलं भोक दाखवलं. हे मी मुद्दाम सांगते, कारण 'माणसाने तपासलंय' म्हणजे बिनचूक असं नसतं.

१९७६ मध्ये ॲपेल आणि हाकेन यांनी ते सिद्ध केलं. अनंत नकाशांचा प्रश्न १,९३६ आकृत्यांवर आणला तो माणसांनी, त्या आकृत्या हजाराहून जास्त तास चालून तपासल्या संगणकाने. (वरचे ९,९९० आणि ५४ आठवा.) बऱ्याच गणितज्ञांना हे रुचलं नाही. प्रमेय खरं आहे हे कळलं, पण का खरं आहे हे वाचून कळेना. पुढे २००५ मध्ये जॉर्ज गाँतिए यांनी सगळी सिद्धता, पायरीन् पायरी, कॉक नावाच्या प्रणालीकडून तपासून घेतली, तेव्हा चुकीची शंका मिटली. 'का'ची हुरहुर काही लोकांना आजही आहे, आणि मी त्यांच्यातली एक आहे.

एआयने ऑलिंपियाडमध्ये सुवर्णपदक मिळवलं हे खरं का?

सुवर्णपदकाच्या तोडीचे गुण मिळवले, हे खरं आहे. आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाडमध्ये सहा प्रश्न असतात, दोन दिवसांत, रोज साडेचार तास, प्रत्येकी ७ गुण. २०२४ मध्ये गूगल डीपमाइंडच्या अल्फाप्रूफ आणि अल्फाजॉमेट्री २ यांनी सहापैकी चार सोडवून ४२ पैकी २८ गुण मिळवले. सुवर्णाची रेघ २९ वर होती. तेव्हा प्रश्न माणसांनी यंत्राच्या भाषेत लिहून द्यावे लागले होते आणि काहींना तीन दिवसांपर्यंत वेळ लागला होता. त्याच वर्षी आपल्या भारताच्या सहा मुलांनी चार सुवर्ण आणि एक रौप्य आणलं, हेही पालकांना सांगावंसं वाटतं.

२०२५ मध्ये डीपमाइंड आणि ओपनएआय या दोघांच्याही प्रणालींनी साध्या भाषेतले प्रश्न वाचून, साडेचार तासांच्या मर्यादेत, पाच सोडवले: ३५ गुण, म्हणजे बरोबर सुवर्णाची रेघ. सहावा दोघांनाही सुटला नाही. तो फरशांचा होता. २०२५ बाय २०२५ चौकटींच्या जाळीवर आयताकृती फरशा बसवायच्या, प्रत्येक ओळीत आणि प्रत्येक स्तंभात नेमकी एकच चौकट उघडी राहिली पाहिजे. कमीत कमी किती फरशा? उत्तर २११२. हॉलमध्ये बसलेल्या काही मुलामुलींनी तो पूर्ण सोडवला.

पुढच्या वेळी यंत्र तसाही प्रश्न सोडवेल का? सोडवेल असं मी धरून चालते. म्हणून 'हे यंत्राला जमणार नाही' या भरवशावर मुलांना गणित शिकवू नये.

मुंबईचा या सगळ्याशी काही संबंध?

चांगलाच आहे. देशात बांधलेला पहिला मोठा इलेक्ट्रॉनिक संगणक मुंबईचाच: टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा टिफ्रॅक. तो १९६० साली सुरू झाला, आणि हे नाव त्याला १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी दिलं. निर्वात नळ्यांवर चालणाऱ्या या यंत्राची स्मृती ४० बिटांच्या २,०४८ शब्दांची, म्हणजे तुमच्या फोनमधला एक फोटोही त्यात मावला नसता. १९९६ चं आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाड मुंबईत झालं, आणि भारताचं ऑलिंपियाडचं काम आजही मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातून चालतं.

संगणकाला कधीच जमणार नाही असं काही आहे?

आहे, आणि ते १९३६ मध्ये, म्हणजे आजच्यासारखे संगणक बांधायच्या आधीच, ॲलन ट्युरिंगने सिद्ध केलं. दिलेला प्रोग्रॅम कधीतरी थांबेल की चालतच राहील, हे प्रत्येक प्रोग्रॅमबद्दल अचूक सांगणारी एकच रीत असू शकत नाही. पण यावरून माणूस वरचढ असं कुणी म्हणू नये. तशी रीत माणसापाशीही नाही.

रोजच्या जगातली अडचण वेगळी असते. एका कुरिअरवाल्याला दादरहून निघून १९ ठिकाणी जाऊन परत यायचं आहे. रस्त्यांचे क्रम किती, उलटा फेरा वेगळा न धरता? ६ वर १६ शून्यं, त्याहून जरा जास्तच. सेकंदाला शंभर कोटी क्रम तपासणारं यंत्र जवळजवळ दोन वर्षं घेईल. आणखी पाच ठिकाणं वाढवा, वेळ जातो ९८ लाख वर्षांवर. नुसत्या वेगाने इथे भागत नाही. पण डोकं लावून बिनकामाचे क्रम घाऊक बाद करत गेलं तर? २००६ मध्ये ८५,९०० ठिकाणांचा सगळ्यात छोटा मार्ग, तो सगळ्यात छोटा आहे या सिद्धतेसकट, सापडला.

संगणक चुकतो का?

हो. कुठल्याही प्रोग्रॅमिंगच्या मुलाला ०.१ + ०.२ करायला सांगा. बहुतेक वेळा ०.३०००००००००००००००४ असं काहीतरी येईल. आपल्याला एक तृतीयांश दशांशात पूर्ण लिहिता येत नाही, तसा संगणकाला एक दशांश दोनच्या पद्धतीत पूर्ण लिहिता येत नाही.

१९९४ ची गोष्ट याहून मोठी. थॉमस नाइसली हा गणिताचा प्राध्यापक जुळ्या (म्हणजे दोनच्या फरकाने येणाऱ्या) मूळ संख्यांच्या व्यस्तांची बेरीज करत होता आणि त्याचा ताळा जुळेना. त्याने आपला प्रोग्रॅम तपासला, मग यंत्र तपासलं, आणि दोष निघाला तो थेट पेंटियम चिपच्या भागाकारात. ताळा बघायची सवय नसती तर त्याने यंत्रावर विश्वास ठेवून पुढचं पान उलटलं असतं.

मुलगा गृहपाठ एआयकडून करून घेतो. काय करावं?

फोन काढून घेऊन काही होत नाही, मी करून पाहिलं आहे. गेल्या वर्षी एका मुलाने सुंदर अक्षरात लिहिलेलं पान आणलं. '(क्ष + ६) चं वर्गमूळ बरोबर क्ष' असं समीकरण होतं. दोन्ही बाजूंचा वर्ग, अवयव, उत्तर ३ आणि −२. ॲपने दिलं तसं उतरवलेलं. मी म्हटलं, "ताळा घे." ३ घातले: ९ चं वर्गमूळ ३, जुळलं. −२ घातले: ४ चं वर्गमूळ २, आणि उजवीकडे −२. तो पाच मिनिटं पानाकडे बघत बसला. मग हळूच म्हणाला, "बाई, वर्ग केला तेव्हा हे घुसलं. वजाचं चिन्ह तिथेच मेलं." त्या पाच मिनिटांत तो जे शिकला ते पुढचं सगळं बीजगणित त्याला पुरेल.

माझ्या वर्गातला नियम साधा आहे. आधी वीस मिनिटं स्वतः अडून बसायचं, कच्चं काम खोडायचं नाही. मग हवं तर फोन बघायचा. बघून झाला की तो बंद करून, फळ्यावर येऊन प्रत्येक पायरीचं 'का' सांगायचं. अडून बसलेलं मूल बघवत नाही हे मी आई म्हणूनही जाणते. तरी घाई करून हात देऊ नका. आतला फरक, बाहेरचा फरक असं काही दिसतं ते त्याच वेळात.

घरी लगेच करून बघता येईल असं एखादं गणित सांगा.

कापरेकरांची रीत तीन अंकी संख्यांवर लावा. इथे फरक येतो ९९ × (सगळ्यात मोठा अंक − सगळ्यात लहान अंक), म्हणजे तपासायच्या फक्त नऊच ओळी. ०९९ पासून निघालात तर ८९१, ७९२, ६९३, ५९४ आणि मग ४९५. पुढे सगळं ४९५ च. मुलांना लोकलमध्ये द्या. कापरेकरांनी आपल्या एका संख्यामालेला 'डेम्लो' नाव दिलं ते जुन्या जीआयपी (आताच्या मध्य) रेल्वेवरच्या डोंबिवली स्टेशनच्या तेव्हाच्या नावावरून, कारण ती त्यांना तिथेच सुचली होती: १, १२१, १२३२१, म्हणजे १, ११, १११ यांचे वर्ग.

तीन अंकी जमलं की दोन अंकी घ्या. तिथेही ओळी नऊच आहेत, पण काहीतरी वेगळं घडतं. काय, ते मी इथे लिहीत नाही.